क्लबाची वर्गणी भरून नेमकं काय मिळतं?

या महिन्यातली बरीचशी पत्रं एकाच विषयावरची आहेत: आपल्या गावातला जुन्या गाड्यांच्या मालकांचा क्लब. त्यात जावं का, वर्गणी कशासाठी भरायची, कुठला क्लब चांगला. म्हणून या वेळचं सदर पूर्ण त्यालाच दिलं आहे. पत्रं थोडक्यात दिली आहेत. नावं वगळून गावं तेवढी ठेवली आहेत.

प्रश्न (सातारा): वडिलांची १९८८ सालची प्रीमियर पद्मिनी वापरतो. गावात कुरकुर नाही. पण एप्रिल-मे महिन्यात वाईहून पाचगणीला जाताना पसरणी घाटात अर्ध्यावर गाडी गचके देते आणि बंद पडते. अर्धा तास थांबलं की काही झालंच नाही अशी सुरू होते. एका गॅरेजने कॉइल बदलली, दुसऱ्याने कार्बोरेटर धुतला. फरक नाही. मित्र म्हणतो, फियाटवाल्यांच्या क्लबात ये. वर्षाची वर्गणी दीड हजार. गॅरेजला जे जमलं नाही ते क्लबातली माणसं काय करणार?

उत्तर: तुम्ही सांगितलेली लक्षणं बहुधा व्हेपर लॉकची आहेत. पद्मिनीचा पेट्रोल पंप यांत्रिक असतो. तो इंजिनच्या ब्लॉकवरच बोल्टने बसवलेला आणि कॅमशाफ्टवर चालणारा. टाकी मागे, पंप पुढे. म्हणजे पंप पेट्रोल ढकलत नाही, मागून ओढून घेतो. ओढताना नळीतला दाब कमी होतो आणि दाब कमी झाला की पेट्रोल कमी उष्णतेलाही उकळतं. घाटात गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, वेग कमी, समोरून वारा नाही, इंजिन मात्र पूर्ण जोर लावतंय. ब्लॉक तापतो, पंप तापतो, पेट्रोलची वाफ होते. वाफ पंपाला ओढता येत नाही. कार्बोरेटर कोरडा पडतो.

घाटातच खात्री करायची पद्धत अशी. गाडी कडेला घेऊन चाकाला दगड लावा. एका प्लगची वायर काढून तिला हाताशी असलेला चांगला प्लग बसवा, प्लगची धातूची बाजू इंजिनला टेकवा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ठिणगी निळी आणि ठसठशीत असेल तर कॉइल आणि पॉइंट (ठिणगीसाठी वीज जोडणारे-तोडणारे संपर्क) ठीक आहेत. पिवळट, अशक्त असेल तर दोष विजेकडे आहे. ठिणगी चांगली असेल तर सुती फडका पाण्यात भिजवून पंपावर आणि पंपापासून कार्बोरेटरकडे जाणाऱ्या नळीवर गुंडाळा. पाच-दहा मिनिटांत गाडी सुरू झाली तर निदान झालं. नळी काढून पेट्रोल येतंय का हे बघायच्या फंदात घाटात पडू नका, तापलेला मॅनिफोल्ड (इंजिनचा धूर नेणारा पाइप) तिथेच असतो.

फडका ठेवण्याआधी आणखी एक गोष्ट करायची, ती गॅरेजवाले हमखास विसरतात. टाकीचं झाकण उघडा. आत हवा शिरल्याचा फुस्स असा आवाज आला तर झाकणाचं श्वासाचं भोक बुजलंय. पेट्रोल उपसलं जातं, त्याच्या जागी हवा येत नाही, टाकीत निर्वात होतो आणि पंपाची ओढ अपुरी पडते. लक्षणं हुबेहूब व्हेपर लॉकसारखी, उपाय मात्र एक बारीक तार.

कायमचा इलाज तीन-चार ठिकाणी असतो. पंप आणि ब्लॉक यांच्यामध्ये बेकेलाइटची जाड चकती असते. पंप कधी बदलला असेल तर ती गायब होऊन तिथे नुसतं कागदी पॅकिंग आलेलं दिसतं, आणि उष्णता थेट पंपात जाते. चकती परत बसवा, पण मूळ जाडीचीच. जास्त पॅकिंग घातलं तर पंपाचा आर्म कॅमपर्यंत नीट पोचत नाही, स्ट्रोक कमी होतो आणि चढणीलाच पेट्रोल कमी पडतं. नळी मॅनिफोल्डजवळून जात असेल तर तिला दूर क्लिप मारा, मध्ये ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा आडोसा करा. टाकीकडून येणाऱ्या रबरी जोडांना बारीक चिरा असतील तर पंप तिथून हवा ओढतो. थेंब गळत नाही म्हणून ते कुणाच्या लक्षात येत नाही. आणि रेडिएटर पन्नास टक्के चोंदलेला असेल तर वरचं सगळं करूनही पसरणी घाट त्रास देणारच.

आता तुमचा मूळ प्रश्न. हे सगळं एखाद्या गॅरेजला का सुचलं नाही? आजचा मेकॅनिक इंजेक्शनच्या गाड्यांवर शिकलाय. स्कॅनर लावायचा, कोड वाचायचा, भाग बदलायचा. त्याच्याकडे वर्षाला एखादी पद्मिनी येते. क्लबात वीस पद्मिनी असतील तर त्यातल्या दहा कधी ना कधी घाटात उभ्या राहिलेल्या असतात. कुठल्या क्रमाने तपासायचं हे तिथे ठरून गेलेलं असतं. शिवाय चालू गाडीचा पंप काढून तुमच्या गाडीला लावून बघता येतो. संशयित भाग विकत घेऊन बघण्यापेक्षा उसना लावून बघणं, हा क्लबाचा सगळ्यात रोकडा फायदा. तुमच्या नव्या कॉइलचे पैसे तिथेच वाचले असते.

दुसरा फायदा सुट्या भागांचा. मुंबईत पद्मिनीच्या टॅक्सी धावत होत्या तोवर त्यांच्या जिवावर बाजारात माल येत होता. ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत भरून ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून गेली. आता कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात जे मिळतं ते शिल्लक आहे तेवढंच, आणि त्यातलं बरंचसं रबर ठेवून ठेवून कडक झालेलं. दारांच्या बीडिंगचं (कडेच्या रबरी पट्टीचं) उदाहरण घ्या. चार दारांना मिळून साधारण चौदा-पंधरा मीटर लागते. एवढ्यासाठी कुठलाही रबरवाला साचा बनवणार नाही. वीस गाड्यांची मिळून तीनशे मीटरची ऑर्डर दिली तर बनवतो. किंगपिनचे बुश, पाण्याच्या पंपाची स्पिंडल यांचंही तेच. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात टर्नर आजही नमुना बघून बुश काढून देतात, पण एक नग आणि वीस नग यांच्या दरात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

चांगल्या क्लबाकडे एक साधी वही असते. कुणाचा क्रँक किती घासलाय (०.२५, ०.५० की ०.७५ मिलिमीटर), कुणाला कुठल्या मापाचे बेअरिंग लागतात, कुणाकडे जादा गिअरबॉक्स पडलाय. अशी वही असेल तर दीड हजार बिनघोर भरा.

प्रश्न (रत्नागिरी): आजोबांची १९६६ची फियाट ११०० डिलाइट पाच वर्षं पडवीत उभी आहे. आजोबा वारले. आरसी बुक त्यांच्याच नावावर, नोंदणीची मुदत संपलेली. एका क्लबाचे पदाधिकारी म्हणतात, सभासद व्हा, कागदपत्रांचं आम्ही बघतो. विश्वास ठेवावा का?

उत्तर: 'कागदपत्रांचं आम्ही बघतो' म्हणणाऱ्यापासून दूर राहा. क्लबाला आरटीओत कसलाही अधिकार नसतो. काम तुमच्याच सहीने आणि तुमच्याच हजेरीत व्हायला हवं. क्लबाचा उपयोग एवढाच, की तुमच्याच आरटीओत हेच काम नुकतं करून आलेला माणूस तिथे भेटतो आणि कुठला कागद कमी पडला म्हणून त्याला परत पाठवलं होतं ते सांगतो. हा उपयोगही लहान नाही.

मालकाच्या मृत्यूनंतर वारसाने तीस दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरून गाडी आपल्या नावावर करून घ्यायची, असा कायदा आहे. तुमचा उशीर झालाय, म्हणून दंड भरावा लागेल, पण दार बंद झालेलं नाही. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, बाकी वारसांची संमती, मूळ आरसी बुक, विमा आणि पीयूसी एवढं गोळा करा. बाकी वारसांची संमती आधी घ्या. गाडी चकाचक झाल्यावर आणि तिची किंमत वाढल्यावर संमती मिळणं अवघड जातं. नंबर जुन्या तीन अक्षरी मालिकेतला असेल तर संगणकात त्याची नोंद नसण्याची शक्यता आहे. ती जुन्या रजिस्टरवरून आधी चढवून घ्यावी लागते, आणि सगळ्यात जास्त वेळ तिथेच जातो.

गाडी तपासणीला न्यायची म्हणजे चासी नंबर वाचता आला पाहिजे. गंज चढला असेल तर रॉकेल आणि मऊ ब्रश घ्या, दोन-तीन दिवस थोडं थोडं करा. ग्राइंडर किंवा खरखरीत पॉलिश पेपर लावू नका. आकडे पुसट झाले की गाडीची ओळखच गेली आणि मग ती चोरीची नाही हे सिद्ध करत बसावं लागतं. स्वच्छ झालेल्या आकड्यांवर कागद ठेवून पेन्सिल फिरवा, छाप घ्या, तारीख घालून जपून ठेवा. नोंदणी संपलेली गाडी रस्त्यावर चालवत नेता येत नाही. सपाट ट्रेलरवर घालून न्या.

पुढे दोन वाटा आहेत. एक, फॉर्म २५ भरून नेहमीसारखं नूतनीकरण, पाच वर्षांसाठी. वीस वर्षांवरच्या मोटारीला ऑगस्ट २०२५ पासून त्याची फी १०,००० रुपये आहे. शिवाय राज्याचा पर्यावरण कर आणि उशिराचा आकार. दुसरी वाट व्हिंटेज नोंदणीची. जुलै २०२१ मध्ये केंद्राने त्यासाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं पूर्ण झालेली गाडी त्यात बसते, म्हणजे तुमची बसते. पण चासी, बॉडी आणि इंजिन मुळातलं हवं. मध्यंतरी कुणी डिझेल इंजिन घातलं असेल तर विषय संपला. फी २०,००० रुपये, नोंदणी दहा वर्षांची, पुढच्या वेळी ५,०००. नव्याने नोंद होणाऱ्या गाडीला राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' असलेला नंबर मिळतो. आधीपासून नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो.

आकडे बघून दुसरी वाट स्वस्त वाटेल. पण व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, त्यासाठीचं येणं-जाणं, पेट्रोल आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर आणता येते. गणपतीला कुटुंब घेऊन गावात फिरायचं असेल, बाजारात न्यायची असेल तर पहिलीच वाट धरा. आमचं मत विचाराल तर कोकणात गाडी चालत राहिलेली बरी. उभी गाडी तिथली हवा खाऊन टाकते.

आणि पाच वर्षं उभ्या इंजिनला एकदम सेल्फ मारू नका. चारही प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडा, एक दिवस थांबा, मग पाना लावून हाताने क्रँक फिरवा. अडकला तर जोर न लावता परत तेल आणि परत वाट. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका. ब्रेकचे व्हील सिलिंडर उघडल्याशिवाय गाडी हलवू नका. इतकी वर्षं उभ्या गाडीत ते एक तर जाम झालेले असतात, नाही तर गळत असतात.

प्रश्न (नाशिक): माझी १९९४ची मारुती ८०० आहे, कार्बोरेटरवाली. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलबद्दल क्लबातले लोक घाबरवतात, पंपवाला म्हणतो काही होत नाही. खरं काय?

उत्तर: घाबरायचं कारण नाही, पण दुर्लक्षही करू नका. इथेनॉलचे परिणाम तीन ठिकाणी होतात आणि तिन्ही ठिकाणी इलाज आहे.

पहिलं रबर. त्या काळच्या नळ्या आणि डायफ्राम इथेनॉलसाठी बनवलेले नव्हते. ते फुगतात, मऊ पडतात, मग सुकले की चिरतात. बॉनेट उघडून पेट्रोलच्या नळीचं टोक चिमटीत दाबा, किंचित वाकवा. बोटाला काळं लागलं किंवा वाकवलेल्या जागी केसासारख्या रेषा दिसल्या तर ती नळी आजच बदला. गरम इंजिनवर पेट्रोल टपकलं तर गाडी पेट घेते, त्यामुळे इथे काटकसर नको. नवी नळी घेताना तिच्यावर 'एसएई जे३० आर९' असा छाप आहे ना ते बघा. तिचं आतलं अस्तर इथेनॉल सोसणाऱ्या रबराचं असतं. नुसती 'पेट्रोल पाइप' म्हणून मीटरवर मिळणारी घेऊ नका. छापवाल्या नळीला पैसे जास्त पडतात आणि एका गाडीपुरता तुकडा कुणी देत नाही. क्लबाने एक रोल आणून कापून वाटला की प्रश्न मिटतो.

दुसरं पाणी. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. प्रमाणाबाहेर पाणी झालं की पाणी-इथेनॉलचा थर वेगळा होऊन टाकीच्या तळाशी बसतो, आणि पंप नेमकं तळातलंच ओढतो. पावसाळ्यात महिना-दीड महिना गाडी उभी राहणार असेल तर टाकी अर्धी ठेवू नका. एक तर काठोकाठ भरा, म्हणजे आत दमट हवेला जागा राहत नाही, नाही तर जवळपास रिकामी करा. टाकीतला जुना गंज आणि चिकटा पहिल्या काही टाक्यांत सुटून फिल्टरमध्ये येतो, म्हणून दोन जादा फिल्टर डिकीत ठेवा.

तिसरं मिश्रण. साध्या पेट्रोलच्या एका भागाला जळायला हवेचे १४.७ भाग लागतात, दहा टक्केवाल्याला सुमारे १४.१, वीस टक्केवाल्याला सुमारे १३.५. कार्बोरेटरला हे कळत नाही, तो आपला पूर्वीच्याच मापाने देत राहतो. म्हणजे दहावरून वीसवर आल्यावर मिश्रण साधारण चार टक्के पातळ झालं, साध्या पेट्रोलच्या हिशेबाने आठ टक्के. तसं झालं की गाडी सकाळी लवकर सुरू होत नाही, पिकअपला खोकते, इंजिन जास्त तापतं. प्लग काढून बघा. टोक फिकट तपकिरी असेल तर काही करू नका. पांढरं फटक असेल तर मेन जेट (कार्बोरेटरमध्ये पेट्रोल मोजून सोडणारा भोकाचा तुकडा) मोठा हवा. फार नाही. पेट्रोल भोकाच्या क्षेत्रफळावर ठरतं, म्हणून चार टक्के जास्त पेट्रोलसाठी व्यास दोनच टक्के वाढवायचा. शंभर नंबरच्या जागी एकशे दोन किंवा एकशे अडीच. सुई किंवा ड्रिल घालून भोक वाढवणारा मिस्त्री दिसला तर कार्बोरेटर काढून घेऊन घरी या. दोन टक्के हाताने साधत नाहीत, आणि बिघडलेला जेट पूर्ववत होत नाही. क्लबात चार नंबरांचे जेट एका डबीत ठेवलेले असतील तर एका रविवारी बसून योग्य तो निवडता येतो.

प्रश्न (कोल्हापूर): क्लबाचं सभासदत्व दाखवलं तर विम्यात सूट मिळते असं ऐकलं.

उत्तर: स्थानिक क्लबाच्या कार्डावर नाही. मोटार विम्याच्या दरपत्रकात दोन कलमं आहेत. 'आयएमटी ८' हे मान्यताप्राप्त ऑटोमोबाइल असोसिएशनच्या सभासदांसाठी. मुंबईची १९१९ साली स्थापन झालेली वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन ही त्या प्रकारची संस्था. सूट स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर पाच टक्के, आणि मोटारीला कमाल दोनशे रुपये. 'आयएमटी ९' व्हिंटेज गाडीसाठी, पंचवीस टक्के, पण त्याला व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाचं प्रमाणपत्र लागतं. आता कंपन्या आपापले दर लावतात, तेव्हा पॉलिसी घेण्याआधी कलमाचं नाव घेऊन विचारा.

सुटीपेक्षा गाडीची किंमत किती धरली जाते ते महत्त्वाचं. पाच वर्षांवरच्या गाडीची विमा-किंमत कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते. काही न बोलता सही केलीत तर लाखभर खर्चून उभी केलेली गाडी पंचवीस हजारांची म्हणून नोंदली जाईल. मान्यताप्राप्त सर्व्हेअरचा मूल्यांकन अहवाल, कामाची बिलं आणि चारही बाजूंचे फोटो द्या. तशाच गाडीला क्लबातल्या दुसऱ्या कुणाला कंपनीने किती किंमत लावून दिली, ते विचारून जा. घासाघीस करायला आधार मिळतो.

प्रश्न (ठाणे): मला आईची जुनी फियाट स्वतः दुरुस्त करायला शिकायचंय. क्लबाच्या भेटीला एकदा जाऊन आले. सगळे काका लोक, गाड्यांभोवती उभे राहून चहा आणि गप्पा. मी विचारलं की 'ताई, तुम्ही राहू द्या, आम्ही करून देतो'. दुसरा क्लब शोधू का?

उत्तर: आधी एक संधी द्या, पण प्रश्न बदलून. 'शिकवाल का' असं न विचारता 'पुढच्या रविवारी मी माझ्या गाडीचे पॉइंट लावणार आहे, कुणी शेजारी उभं राहील का' असं विचारा. पाना तुमच्या हातात राहील असं काम निवडा.

पॉइंट हे त्यासाठी उत्तम काम. डेल्कोचं (डिस्ट्रिब्युटरचं) झाकण काढा. पॉइंटच्या दोन्ही तोंडांकडे नीट बघा: एकावर बारीक टेकडी, दुसऱ्यावर तेवढाच खड्डा दिसेल. धातू एका तोंडावरून दुसऱ्यावर वाहून गेलेला असतो. टेकडी फार वाढली असेल तर कंडेन्सरवर संशय घ्या. टेकडी बारीक कानशीने सपाट करा. पॉलिश पेपर वापरू नका, त्याचे कण अडकून राहतात आणि दुसऱ्याच दिवशी गाडी मिस मारते. मग क्रँक फिरवून पॉइंट कॅमच्या उंचवट्यावर पूर्ण उघडतील असं आणा आणि ०.४५ मिलिमीटरचं फिलर गेज (फट मोजायची पाती) मध्ये घाला. पाती किंचित अडखळत सरकली पाहिजे. स्क्रू आवळताना गॅप हटतोच, म्हणून आवळल्यावर परत मोजा. कॅमवर ग्रीसचा मोहरीएवढा ठिपका, जास्त नको, उडून पॉइंटवर बसतं. शेवटी टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) तपासून घ्या, कारण गॅप बदलला की टायमिंगही हलतं.

हे तासाभराचं काम. तुम्ही ते करत असताना त्यांनी पाना काढून घेतला नाही, चुकलं तिथे सांगितलं, तर क्लब चांगला आहे. काढून घेतला तर खुशाल दुसरा शोधा.

प्रश्न (सांगली): आम्ही अकरा जण आहोत, ॲम्बेसिडर, फियाट, एक विलीज जीप. क्लब काढायचाय. नोंदणी करावी लागते का?

उत्तर: लगेच नाही. पहिलं वर्ष महिन्यातून एकदा ठरलेल्या रविवारी, ठरलेल्या जागी जमा. अकरातले सात तरी वर्षभर येत राहिले तर पुढचा विचार करा. क्लबाच्या नावाने बँकेत खातं काढायचं असेल, प्रदर्शन भरवायचं असेल किंवा कुणाकडून देणगी घ्यायची असेल तेव्हा नोंदणी लागते. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात सभासद लागतात, आणि महाराष्ट्रात १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात नोंद करावी लागते. मग दरवर्षी हिशेब तपासून देणं आलं. त्याची तयारी असेल तरच करा.

पहिल्या वर्गणीतून टी-शर्ट छापू नका. हत्यारं घ्या: कॉम्प्रेशन गेज, टायमिंग लाइट, व्हॅक्यूम गेज, स्टिअरिंग आणि ड्रमचे पुलर, एक चांगला ट्रॉली जॅक आणि चार स्टँड. प्रत्येकाने ही विकत घेणं परवडत नाही आणि वर्षातून दोनदाच लागतात. कोणी कधी नेलं, कधी परत आणलं, याची वही ठेवा.

क्लब फुटतात ते बहुतेक दोन कारणांनी. सुट्या भागांत एखादा सभासद गुपचूप नफा ठेवतो, किंवा आपलीच गाडी नव्या सभासदाच्या गळ्यात मारतो. सुरुवातीलाच लिहून ठेवा: क्लबामार्फत आणलेला माल खरेदीच्या बिलाच्या दराने, बिल सगळ्यांना दाखवून. आणि सभासदांमधल्या गाडीच्या व्यवहारात गाडी तिसऱ्या सभासदाने तपासायची, मधल्याने काही घ्यायचं नाही.

सहलीबद्दल थोडं. अकराच्या अकरा गाड्या एका रांगेत काढू नका, पाच-सहांचे दोन गट करा. सगळ्यात हळू गाडी सगळ्यात पुढे. सगळ्यात अनुभवी माणूस शेवटच्या गाडीत, कारण बंद पडलेली गाडी त्यालाच भेटते. घाट ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. या गाड्यांना चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. सतत पाय ठेवला की ड्रम तापून फुगतो, शूपासून लांब जातो, लायनिंगची पकड सुटते आणि पेडल टणक असूनही गाडी थांबत नाही. त्यात ब्रेकचं ऑइल जुनं असेल तर त्यातलं पाणी उकळून पेडल थेट तळाला जातं. डॉट ३ ऑइल हवेतलं पाणी शोषतं, ते दोन वर्षांनी पूर्ण बदललंच पाहिजे. आंबा किंवा आंबोली घाटात जाण्याआधी प्रत्येकाने ऑइल बदलल्याची तारीख सांगायची; ज्याला आठवत नाही त्याची गाडी त्या दिवशी सपाट रस्त्यापुरती. यात भिडस्तपणा नको. वळणावर फोटोसाठी थांबायचं नाही. प्रदर्शन किंवा मोठा जमाव होणार असेल तर स्थानिक पोलिस ठाण्यात आधी लेखी कळवा.

प्रश्न (पिंपरी): माझी २०१९ची वॅगनआर आहे. मला अशा क्लबाचा काही फायदा?

उत्तर: सध्या फारसा नाही. गाडी चालू उत्पादनातली आहे, भाग कोपऱ्यावर मिळतात. एखाद्याच्या स्कॅनरवर कोड फुकट वाचून मिळेल एवढंच. मजा म्हणून जरूर जा.

प्रश्न (अहिल्यानगर): पुढच्या रविवारी पहिल्यांदा भेटीला जातोय. १९८२ची ॲम्बेसिडर. बरोबर काय न्यावं?

उत्तर: गाडी धुतली नाहीत तरी चालेल. गळतीच्या खुणा नुकत्याच धुतलेल्या इंजिनवर दिसत नाहीत. चासी नंबर आणि इंजिन नंबर वहीत लिहून न्या, कारण ॲम्बेसिडरच्या भागांत मॉडेलप्रमाणे फरक आहेत आणि नुसत्या सालावरून चुकीचा भाग येतो. आरसीची झेरॉक्स न्या. मूळ आरसी आणि जादा किल्ली कुणाकडे देऊ नका. गेल्या दोन वर्षांत काय बदललं त्याची यादी तारखांसह लिहा. गेल्या आठवड्यात एका लिटरला किती किलोमीटर पडले आणि किती ऑइल टॉपअप केलं तेही त्यात घाला. एक रिकामं खोकं आणि जुनी चादर घ्या. चादर गाडीखाली झोपायला, खोकं मिळालेले बोल्ट आणि वायसर ठेवायला. आणि गाडी थंड असतानाच तिथे पोचू नका. गरम इंजिनवर टॅपेटचा आवाज आणि ऑइलचं प्रेशर दोन्ही खरे कळतात, तेव्हा पंधरा-वीस किलोमीटर चालवून मगच मैदानात शिरा.